काठोकाठ

लेख लिहिण्याइतकं माझं वाचन नाही, म्हणून आधीच माफी मागून ठेवतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आमच्याकडे छापील कागद म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर, जनावरांच्या औषधाच्या बाटलीवरचं लेबल आणि माझी पुस्तकं. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मराठीच्या मॅडमनी ‘आठवणीतल्या एखाद्या ऋतूवर लिहा’ असं वर्गात सांगितलं, तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. ऋतूंबद्दल सुंदर लिहिणारी मुलं आमच्यात आहेत. मी लिहायला घेतलं ते वेगळ्या कारणानं. मला या अंकात एका माणसाचं नाव छापून आणायचं आहे. त्यानं ते वाचावं, त्याच्या गल्लीनं वाचावं, आणि त्यानं काय केलं ते सगळ्यांना कळावं. इतक्या वाईट कारणानं लिहिलेला लेख मॅडम घेतील की नाही, माहीत नाही.

त्याचं नाव सुहास. शिरूरचाच आहे, माझ्याच वर्गात.

मार्च लागला की शिरूरच्या स्टँडबाहेर कलिंगडांचे ढीग दिसायला लागतात, कॉलेजच्या आवारातल्या कडुनिंबाची पिवळी पानं झेरॉक्सच्या दुकानात उडत येतात आणि हॉल तिकिटासाठी खिडकीवर रांग लागते. इतरांना त्यावरून परीक्षा आठवत असेल. मला पाणी आठवतं. परवा शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या गर्दीत आमची एसटी अडकली होती. शेजारी एका नर्सरीचा टेम्पो उभा होता, त्यात भिजवलेल्या कोकोपीटची पोती होती. नारळाच्या त्या ओल्या भुशाचा वास खिडकीतून आत आला आणि माझ्या तोंडाची चवच गेली. वर्ष झालं, पण राग जराही शिळा झाला नव्हता.

मी शिक्रापूरला राहतो. गाव आमचं खुटबाव, दौंड तालुक्यात. तिथून रोज शिरूरला येणं जमत नाही, म्हणून मामेभाऊ दत्ताच्या खोलीत माझी सोय. दत्ता रांजणगावला कंपनीत आहे, बहुतेक रात्रपाळीला. तिसरा मजला, वर पत्रा, पुढं सगळ्या भाडेकरूंची मिळून एक गॅलरी. त्या गॅलरीच्या टोकाला, चपलांच्या मागं, चार फूट जागा आमच्या वाट्याची. गेल्या वर्षी तिथं माझं शेत होतं.

मातीशिवाय पालेभाजी कशी वाढते ते आमच्या एका सरांनी प्रयोगशाळेत दाखवलं होतं. मी ते खोलीवर करायचं ठरवलं. यंत्रांचे सुटे भाग ज्यांतून येतात ते थर्माकोलचे खोके दत्तानं कंपनीतून आणले. आत उजेड गेला तर शेवाळ धरतं, म्हणून त्यांना आतून काळा प्लॅस्टिकचा कागद लावला. झाकणांना तापवलेल्या स्टीलच्या पेल्यानं गोल भोकं पाडली. जळक्या थर्माकोलचा वास दोन दिवस खोलीत होता आणि दत्ता नाकाला रुमाल बांधून फिरत होता. भोकांत चहाचे प्लॅस्टिकचे कप, कपांना सुईनं पाडलेली छिद्रं, आत कोकोपीट, त्यात ओल्या फडक्यात मोड आणलेलं पालकाचं बी. खाली खत मिसळलेलं पाणी. पंप नाही, वीज नाही. असे सहा डबे.

शेजारच्या खोलीतला रामसेवक बिहारचा. ड्यूटीला जाताना रोज वाकून बघायचा आणि म्हणायचा, ‘‘क्यों भैया, महाराष्ट्र में मिट्टी खतम हो गई क्या?’’ एकदा डाळीत टाकायला त्याला मूठभर पानं दिली. त्या दिवसापासून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘‘अपना खेत है, चप्पल उधर रखो’’ असं दरडावायला लागला.

या पद्धतीत एकच गोष्ट अवघड आहे, ती म्हणजे काही न करणं. सुरुवातीला पाणी कपांच्या बुडाला टेकेल एवढं भरायचं. रोप पाणी पितं, पातळी खाली जाते, मुळं तिच्यामागं खाली उतरतात. मध्ये जी मोकळी जागा तयार होते, तिथल्या मुळांना बारीक पांढरी लव फुटते. ती हवा घेतात. खालची मुळं पाणी पितात, वरची श्वास घेतात. म्हणून पाणी खाली गेलेलं दिसलं तरी ते पुन्हा वरपर्यंत भरायचं नाही. भरलं तर वरची मुळं गुदमरतात आणि भरल्या पाण्यात रोप मरतं.

हे मला उत्तरपत्रिकेत सहज लिहिता आलं असतं. करताना जड गेलं. माझे आजोबा मेंढरं घेऊन सहा-सहा महिने मुलूख फिरायचे. आता आमच्याकडे मेंढरं नाहीत, विहीर आहे, नळ आहे. तरी घरात कुठलंही भांडं निम्मं दिसलं की कोणीतरी उठतं आणि ते भरतं. कोणी सांगत नाही, आणि भरल्यावर कोणी बोलूनही दाखवत नाही. मी रोज सकाळी झाकण उचलून बघायचो. पाणी आणखी बोटभर खाली गेलेलं असायचं आणि माझा हात आपोआप तांब्याकडे जायचा. तो मी मागं घ्यायचो. त्या महिन्या-सव्वा महिन्यात मी मोठं काही केलं असेल तर एवढंच.

सुहासला हे सगळं माहीत होतं. त्याच्याशिवाय मी दुसऱ्या कोणाला सांगणार होतो? पहिल्या वर्षाला मी वर्गात ‘हाय’ आणि ‘न्हाई’ बोललो की मागच्या बाकावर खसखस पिकायची. सुहास हसला नाही. त्यानं विचारलं, ‘‘जेवायला येतोस का घरी?’’ त्यांचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत. त्याचे आजोबा जुन्या मिशनच्या शाळेत शिकलेले, आई बालवाडीच्या शिक्षिका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्या रूथकाकू. पहिल्याच दिवशी मी ताट समोर आल्याबरोबर घास तोंडात घातला आणि बघतो तर सगळे डोळे मिटून प्रार्थनेला बसलेले. मला चावता येईना, गिळता येईना. काकूंनी एक डोळा उघडला आणि म्हणाल्या, ‘‘गिळ रे बाळा, देव काही घास मोजत बसलेला नाही.’’

काकूंचे गुडघे दुखतात, त्यांना खाली अंगणात उतरवत नाही. म्हणून फेब्रुवारीत मी त्यांच्या वरच्या गॅलरीत दोन डबे लावून दिले. त्या पालकाला ‘माझा वर्ग’ म्हणायच्या. ‘‘आज तिसरा बेंच जरा मरगळलाय,’’ असं फोनवर सांगायच्या.

विद्यापीठाच्या प्रदर्शनाला आमच्या कॉलेजातून एकच प्रकल्प जाणार होता. माझे हे डबे होते आणि सुहासची अळिंबी होती, गव्हाच्या काडावर वाढवलेली. बाकीच्यांनी आशा सोडली होती. माझी मात्र होती. पुण्याला विद्यापीठात जायचं, टेबलामागं उभं राहायचं, कोणी विचारलं तर नीट उत्तर द्यायचं. आई-आबांना तिथं बोलवायचं. आबा म्हणजे माझे वडील. मी शिकतो म्हणजे नक्की काय करतो, ते त्यांना दाखवता येईल अशी आजवरची ती एकच गोष्ट होती. सुहास एकदा माझ्या गॅलरीत उकिडवा बसून म्हणाला होता, ‘‘सोम्या, पालकाला पोहायला शिकव. एखाद दिवशी बुडायचा.’’ तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो.

निवडीच्या आदल्या आठवड्यात मी अभ्यास सहलीला गेलो. सुहास आजारी म्हणून आला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी परत आलो, तर सगळी पानं कपांच्या काठावरून खाली लोंबत होती. मला वाटलं, ऊन लागलं. झाकण उचलायला गेलो तर ते जड लागलं. पाणी झाकणाला टेकलं होतं. उचलताच ते काठावरून माझ्या पायांवर सांडलं. एक डबा नाही, सहाच्या सहा. पांढरी मुळं तपकिरी होऊन बुळबुळीत झाली होती, बोटात धरली की साल सुटून यायची. साठलेल्या गटारासारखा वास येत होता. रामसेवक दारातूनच म्हणाला, ‘‘अरे, ये तो डूब गया,’’ आणि पहिल्यांदाच त्यानं चेष्टा केली नाही.

मी दत्ताला हलवून जागं केलं. ‘‘कोण आलतं?’’

‘‘सुहास आलता की. तुझ्याकडचं त्याचं जर्नल घेऊन गेला.’’

‘‘गॅलरीत गेलता?’’

‘‘म्या काय पहारा देतो व्हय? गेला आसंल. दार गॅलरीतच हाय.’’

त्या संध्याकाळी ओट्यावर बाजरीचं नवं पीठ होतं, नेहमीसारखं घरून कोणाच्या तरी हाती आलेलं. मी भाकरी थापल्या. एकही धड आली नाही, सगळ्या कडेनं चिरल्या. दत्तानं त्या तशाच खाल्ल्या. माझी मी झाकून ठेवली. आजारी माणूस शिरूरहून शिक्रापूरला जर्नल न्यायला येतो, एवढंच डोक्यात फिरत होतं. सर सोडले तर, पाणी भरलं की रोप मरतं हे ठाऊक असलेला माझ्या ओळखीचा तो एकच माणूस होता. आणि ‘एखाद दिवशी बुडायचा’ हे त्यानं तोंडानं सांगितलं होतं.

मी त्याला विचारलं नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, आणि मला ते नाही ऐकायचं नव्हतं. कॉलेजात सांगितलं, जमलं नाही. घरी फोन करून सांगितलं, ‘‘पालक वाळला.’’ पाण्यानं मेला म्हणालो असतो तर आबांना ते पटलं नसतं. आमच्या घरात कुठलीही गोष्ट मरते ती पाण्यावाचून. आबा नुसतं ‘‘बरं’’ म्हणाले आणि फोन आईकडे दिला. सुहासची अळिंबी विद्यापीठात गेली. त्यानं मला विचारलं, ‘‘काय झालं रे तुझ्या डब्यांचं?’’ मी म्हणालो, ‘‘गेलं,’’ आणि बाक बदलला.

रागालाही माती लागत नाही, हे मी त्या उन्हाळ्यात शिकलो. उजेड लागू द्यायचा नाही, हलवायचं नाही, फक्त रोज झाकण उचलून बघायचं. मी त्याच्या दोन बाक मागं बसायचो. त्याच्या तिन्ही शर्टांच्या कॉलरी मला पाठ झाल्या. मॅडम शिकवत असायच्या आणि मी त्याच्या मानेकडे बघून वाक्यं जुळवत असायचो. कधी ती मी वर्गासमोर बोलायचो, कधी त्याच्या घरी, सगळे प्रार्थनेला डोळे मिटून बसलेले असताना. त्याच्या अळिंबीला हिरवी बुरशी लागली आहे आणि परीक्षक नाकाला हात लावून पुढं जात आहेत, हे मी इतक्या वेळा मनात पाहिलं की ते खरंच घडलं असावं असं वाटायचं. बुडालेल्या रोपांपैकी एक मी जर्नलच्या शेवटच्या पानात दाबून ठेवलं. ते कागदाला चिकटलं. अजून आहे. अभ्यास होईना तेव्हा मी ते पान उघडायचो, आणि मग अभ्यास व्हायचा. गेल्या वर्षीचे माझे चांगले गुण त्या पानाचे आहेत.

पहिला पेपर देऊन मी शिरूरच्या स्टँडवर उसाचा रस पीत उभा होतो, तेव्हा काकूंचा फोन आला.

‘‘सोमनाथ, पेपर कसा गेला? बरं, हे बघ, माझ्या वर्गाचं पाणी फार खाली गेलंय रे. निम्म्याच्याही खाली. सुहासला विचारलं तर म्हणतो, सोम्यालाच विचार, त्यातलं त्यालाच कळतं. भरू का?’’

चरकाच्या घुंगरांचा आवाज येत होता. मला घाई करावी लागली नाही. उत्तर काय ते मला माहीत होतं, आणि उत्तर काय द्यायचं तेही. त्यांची रोपं ऐन भरात होती. पंधरा दिवसांनी ती कापायची होती.

‘‘भरा काकू,’’ मी म्हणालो.

‘‘कुठपर्यंत?’’

‘‘काठोकाठ.’’

फोन ठेवून मी रसाचा दुसरा ग्लास घेतला. मला आनंद झाला होता. इथं खोटं लिहून काही उपयोग नाही. कितीतरी दिवसांनी मला गोड वस्तू गोड लागली.

चार दिवसांनी काकूंनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला. ‘‘गेला रे माझा वर्ग. माझंच काही चुकलं असणार, तू वाईट वाटून घेऊ नकोस. अभ्यास कर. डबे धुऊन ठेवलेत, परीक्षा झाली की ये आणि मला पुन्हा शिकव.’’ मी गेलो नाही. नंतरही त्यांचे दोन-तीन निरोप आले, मग यायचे थांबले. सुहासनं एकदा जिन्यात गाठून सांगितलं, ‘‘आईचा पालक पण गेला.’’ त्या ‘पण’ला मी कितीतरी दिवस चघळत होतो. मला वाटलं, तो कबुली देतोय. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, ‘‘वाईट झालं.’’ आणि खाली उतरलो.

वाटलं होतं, आता फिटलं. पण मे गेला, पाऊस येऊन गेला, दिवाळी झाली, तरी त्याची मान दिसली की माझे दात आवळले जायचे. विचार करता करता कारण सापडलं. सुहासला कळलंच नव्हतं. त्याच्या लेखी त्याच्या आईची रोपं नुसती मेली होती. ज्याला कळत नाही त्याच्यावर घेतलेला सूड अर्धाच राहतो. उरलेला अर्धा आता या पानांवर घेतो. सुहास, तू माझे सहा डबे बुडवलेस. तुझ्या आईचे दोन मी बुडवले. हे माझ्या नावानिशी लिहितो आहे, तूही तुझ्या नावानिशी वाच.

इथवर लिहून मी वही मिटली होती.

मध्ये रविवार आला आणि मी खुटबावला जाऊन आलो. वरचं एकही वाक्य मी खोडलेलं नाही. खोडून पुन्हा सभ्य लिहिता आलं असतं, पण मग वर्षभर मी काय होतो ते कुठंच उरलं नसतं. ही पानं आधी काकूंना देणार आहे, मग सुहासला. छापायची की फाडायची, ते त्या दोघांनी ठरवायचं. मॅडमकडे मुदत संपून गेली तरी चालेल. असं का, तेवढं लिहून थांबतो.

सोमवारी सकाळी मी परत निघालो होतो. आई मळ्यात गेली होती. आबा मला फाट्यापर्यंत सोडायला येणार होते. दाराला कडी घालता घालता ते थांबले, पुन्हा आत गेले. माठ भरला, तांब्या भरला, बाहेर येऊन कोंबड्यांचं पसरट भांडं भरलं.

‘‘आबा, एसटी जाईल,’’ मी म्हणालो.

‘‘जाऊ दे. दुसरी येती. माघारी तुझी आई तापून येणार, रिकामा माठ बघंल व्हय?’’

आम्ही बांधानं चालायला लागलो. आबा पुढं, मी मागं. वाटेतली काटकी त्यांनी पायानं बाजूला सारली. मग मागं न बघता म्हणाले, ‘‘सोमा, एक इचारू का? रागावू नको.’’

‘‘इचारा की.’’

‘‘गेल्या साली तुझा त्यो पाण्यातला पालक. वाळला म्हनलास न्हवं?’’

‘‘व्हय.’’

‘‘कसा वाळला रं?’’

आबाच बोलत राहिले.

‘‘तवा पीठ घिऊन म्या आलतो. तू सहलीला. दत्ता निजलेला, त्याला उठवला न्हाई. जाता जाता तुझं झाकाण उचलून बघितलं, तर सगळ्या डब्यांत पाणी पार तळाला. वर ऊन ह्ये असं. पोरगं न्हाई तर कोन बघनार? मंग खालच्या नळावरनं बादलीनं आणलं. तीन जिनं चढून. सहाच्या सहा भरलं, पार काठोकाठ. वाटलं, आता पोरगं येईस्तवर फिकीर न्हाई.’’

ते थांबले. मीही थांबलो. कालव्याच्या बाजूला कोणाची तरी मोटर सुरू झाली.

‘‘तुला बोललो न्हाई. पाणी भरलं ह्ये काय सांगायचं आसतं व्हय? आन् मंग तू फोनवर वाळला म्हनलास. तवापास्नं मनात हाय माझ्या. एक खेप आणखी कराया पायजे व्हती रं. दम लागला म्हनून खाली उतरलो न्हाई. मला वाटलं, माझंच पाणी कमी पडलं.’’